सलीम मास्तरची जपानी प्रतिक्रिया

मंगळवार, सकाळचे साडेअकरा. रिसोड बसस्थानकासमोरची चहाची टपरी. मी बाकावर बसलेलो, अर्धा कप चहा पोटात, अर्धा हातात, आणि फोन वाजला.

एवढंच घडलं होतं हो! यापुढे जी शोभा झाली त्यात माझा दोष किती आणि उरलेल्या जगाचा किती, हे तुम्हीच ठरवा. फक्त मधे बोलू नका. मधे बोललेलं मला चालत नाही, हे या तालुक्यातल्या दोन माजी सभापतींना चांगलं ठाऊक आहे.

फोन मुख्य कार्यालयातून होता. डेस्कवर एक नवी उपसंपादक आली आहे, तन्वी. तिचं जेवढं वय आहे त्यापेक्षा जास्त काळ मी बातम्या लिहितोय. पण आवाजात असा गोडवा की वाटावं, आता पुरस्कारच जाहीर करते की काय!

"इंगोले सर, तरुणाईच्या पुरवणीसाठी एक छोटंसं काम होतं. नवीन जपानी व्हिडिओ गेम आलाय. संगीतावर आहे. म्हणजे आपण त्यातलं एक पात्र व्हायचं, गावोगाव फिरायचं आणि लढाया गाण्याच्या तालावर लढायच्या. तर तुमच्या भागातल्या खेळाडूंना तो कसा वाटला, अशा चार प्रतिक्रिया हव्यात. फोटोसह. चार वाजेपर्यंत."

"रिसोडात? जपानी?"

"सर, ग्रामीण भागाचाही आवाज यायला हवा ना!"

ग्रामीण भागाचा आवाज! बाजार समितीतल्या वजनकाट्याची माझी बातमी आठवडाभर 'जागेअभावी' पडून होती. तो काय मंगळावरचा आवाज होता? पण जपानातल्या खेळाला रंगीत पानावर जागा! माझं डोकं सणकलं. चहा गार झाला. गेमचं नाव मी तीनदा विचारून घेतलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळं लिहिलं.

आता 'प्रतिक्रिया' म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. पेपरात बातमीखाली चौकट असते. तिकिटाएवढे चार फोटो, प्रत्येकाखाली चार ओळी. अर्थसंकल्प आला, प्रतिक्रिया. पाऊस लांबला, प्रतिक्रिया. एसटीचं भाडं वाढलं, प्रतिक्रिया. तुम्हाला काय वाटतं, आम्ही दर वेळी उन्हातान्हात लोकांच्या मागे पळतो?

आणि पळायचं कशाला? अर्थसंकल्पावर गृहिणी काय म्हणणार? 'स्वयंपाकघराचं बजेट कोलमडलं.' व्यापारी काय म्हणणार? 'व्यापाराला चालना मिळेल.' तरुण? 'दिलासा मिळाला.' शिक्षक? 'शासनाने याची दखल घ्यावी.' याहून वेगळं कोणी बोललंय का आजवर? मग त्या बिचाऱ्यांचा वेळ का खायचा! माझ्या फोनमध्ये गावातल्या भल्या माणसांचे फोटो साठवलेले आहेत. विषयाला शोभेल तो निवडायचा, टेबलावर बसून चार ओळी लिहायच्या. ज्याचा फोटो छापून येतो तो दुसऱ्या दिवशी स्वतःहून चहा पाजतो. आजवर एकाही नागरिकाने तक्रार केली नाही. एकानेही नाही!

तर त्या दिवशीही मी तेच केलं. औषधाच्या दुकानदाराला चालना दिली, कॉलेजच्या एका पोराला दिलासा दिला, एका गृहिणीचं बजेट सांभाळलं. चौथा उरला. विषय संगीत, म्हणून मी सलीम मास्तरचा फोटो काढला.

सलीम मास्तर म्हणजे आमच्याकडचा नामांकित बँडवाला. मागच्या चौकात त्याचं दुकान आहे. बाहेर दिव्यांची गाडी उभी असते, आत भिंतीला ढोल आणि पितळी वाद्यं टांगलेली. त्याचा ठेका सुरू झाला की आजारी माणूस उठून वरातीत नाचतो, हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही, माझे सख्खे साडू नाचले आहेत. त्याच्या फोटोखाली मी लिहिलं:

'हा खेळ म्हणजे संगीतप्रेमींसाठी पर्वणीच आहे. मी तो शेवटपर्यंत खेळलो. अखेरीस नायकाला त्याची आई भेटते, तो प्रसंग पाहून डोळ्यांत पाणी आले. शासनाने याची दखल घ्यावी.'

आई कुठून आली म्हणता? अहो, कथा कुठलीही असो, वाद्य वाजवत गावोगाव फिरणारा पोरगा आहे म्हटल्यावर शेवटी त्याला आई भेटणार नाही तर कोण भेटणार? तहसीलदार? एवढी साहित्याची जाण मला आहे. मी मराठी घेऊन बी.ए. आहे.

शुक्रवारी चौकट छापून आली. सकाळीच सलीम मास्तरचा फोन. "भाऊ, फोटो बढिया आला! घरचे खुश हायत. खाली काय लिहेल हाय ते पोरगं वाचून दाखवते म्हन्ते सांजच्याले."

बघा! समाधानी नागरिक.

दुपारी दुसरा फोन. या वेळी आवाज बदललेला. "भाऊ, तुमी जसे असान तसे या. दुकानात कॉलेजच्या पोट्ट्यापोट्टींनं गर्दी केली. म्हन्तात, माय कुठी भेटली ते सांगा."

"कोनाची माय?"

"तेच तं मी तुमाले इचारून राह्यलो!"

मी पोचलो तर दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांच्या हातात फोन. मास्तर आपल्या खुर्चीत बसलेला, मागे त्याचे वाजंत्री उभे, आणि दुकानाच्या काचेवर ती चौकट खळीने चिकटवलेली. पोरांच्या पुढे एक मुलगी उभी होती. पल्लवी तिचं नाव. आसेगावची, इथे खोली करून बी.एस्सी. करते. तिचा पवित्रा असा की मला माझाच तरुणपणीचा पवित्रा आठवला.

"मास्तर," ती म्हणाली, "मी हा गेम तीनदा संपवला. हिरोची माय पयल्याच सीनमंदी मरते. तिची चिता जयते, हिरो बासरी वाजवते, मंग गेमचं नाव येते. ते तुमाले शेवटी कशी भेटली?"

पहिल्याच सीनमध्ये? जपानी लोकांना काही रीतभात आहे की नाही? आई अशी सुरुवातीलाच मारतात?

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आता त्याने सरळ म्हणायला हवं होतं की बाप्पा, मी हा खेळ पाहिलेला नाही. पण काचेवर फोटो, मागे वाजंत्री, समोर गिऱ्हाइकांची पोरं! त्याने मिशीवरून हात फिरवला.

"भेटली," तो म्हणाला. "लय चांगली बाई होती."

पोरांमध्ये गलका झाला! "सीक्रेट एन्डिंग हाय बे!" एकजण ओरडला. म्हणजे खेळाचा एक छुपा शेवट असतो म्हणे, फार पोचलेल्या खेळाडूलाच तो दिसतो. जगात कोणाला सापडला नाही तो रिसोडच्या बँडवाल्याला सापडला, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

पल्लवी मात्र बधली नाही. "काय बोलली ते?"

"कोन?"

"माय."

"म्हने, जेवला का?"

अहो, इथे दोन पोरी खरंच हळव्या झाल्या! पण पल्लवीने आपला फोन मास्तरपुढे धरला. "मंग दाखवा खेळून. शेवटची लढाई हाय, इथूनच सुरू होते. ठेक्यावर बोट माराचं. जमलं तं मी मानतो."

मास्तर चाचरला. तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण माझ्या चौकटीवर, माझ्या छापील अक्षरावर एक बी.एस्सी.ची पोरगी शंका घेते, हे मला सहन होईना. मी म्हणालो, "दाखवा मास्तर! भिता कायले? अख्ख्या जिल्ह्यात तुमच्यासारखा ठेका कोनाचा हाय?"

झालं. मास्तरने बाह्या सारल्या.

पडद्यावर एक जांभळा राक्षस गात होता. खालून गोल गोल ठिपके येत होते, ठिपका रेघेवर आला की बोट मारायचं. मास्तरने पहिलं बोट मारलं. लाल रंग. दुसरं मारलं. लाल. तिसरं, लाल! राक्षस गातच होता. मास्तरच्या कपाळावर घाम. तो आता दोन्ही हातांनी फोन बडवायला लागला, पल्लवी ओरडली, "अवो, काच फुटंन!" आणि राक्षसाने एक तान घेऊन मास्तरचा बासरीवाला, ढोलवाला, सगळा ताफा आडवा केला.

मागे उभ्या वाजंत्र्यांनी खाली पाहिलं.

"हे खेळच गलत हाय," मास्तर म्हणाला. "मी नाचनाऱ्याच्या पायाकडं पाहून ठोका टाकतो. नवरदेवाचा मामा थकला तं हयू करतो, जवाई जोशात आला तं वाढवतो. ह्याच्यात नाचूनच कोन राह्यलं? कोनाकडं पाहू?"

मला तर हे पटलं. शंभर टक्के पटलं! पण कोणीतरी त्या फजितीचा व्हिडिओ काढला होता, आणि व्हिडिओला काही पटत नसतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या तालुक्यांत फिरला. खाली लिहिलेलं, 'मास्तरचा ठेका गेला.' दुसऱ्या दिवशी मानोऱ्याहून राठोड मामांचा मास्तरला फोन आला. मामांच्या भाच्याचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तिथीला. वरातीसाठी सलीम मास्तरचा बँड ठरलेला. मामा म्हणाले, "मास्तर, आमी दुसरा बँड पाहून राह्यलो. राग मानू नका. घोडीवाला म्हन्ते, या मास्तरच्या ठेक्यावर मी घोडी आनत नाई. ठेका चुकला, घोडी बिथरली, नवरदेव नालीत पडला तं जिम्मेदार कोन?"

मास्तर माझ्या घरी आला. ओट्यावर बसला. भांडला असता तर बरं झालं असतं, मी भांडणाला केव्हाही तयार असतो. पण तो हळू बोलत होता. "भाऊ, मोसमाची पयली वरात हाय. पयली तुटली का बाकीच्या वराती तोडाचे फोन आपोआप येतात. पंधरा घरं हायत माया बँडवर. मी बापापासून वाजवून राह्यलो. अन् मोबाइलमंदल्या राक्षसानं मले पाडलं."

मला संताप आला. कोणाचा म्हणता? सगळ्यांचा! जपान्यांचा, घोडीवाल्याचा, ज्याने व्हिडिओ काढला त्याचा, डेस्कचा. माझ्या गावातल्या कलावंताची पंधरा घरं एका जांभळ्या राक्षसापायी अडचणीत यावीत? मी उठलो, म्हटलं, "चला मास्तर, मानोऱ्याले जाऊ. पाहू कसे ऐकत नाई!"

एसटीने गेलो. राठोड मामा भला माणूस, आल्याआल्या पाणी दिलं, पोहे दिले. मी त्यांना तासभर समजावलं. कलेचं महत्त्व, यंत्राची मर्यादा, पूर्वेकडील राष्ट्रांचं धोरण. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"पत्रकार," ते म्हणाले, "तुमचं समदं खरं. पन मले एक सांगा. पेपरात छापून आलं का मास्तर ते खेळ शेवटलोक खेळला. अन् व्हिडिओत तं त्याले पयला ठोका जमला नाई. मंग पेपर खोटा का मास्तर खोटा?"

मी पोह्यातला शेंगदाणा चावत राहिलो.

"पेपर कायले खोटं लिहीन?" मामांनी स्वतःच उत्तर दिलं. "म्हन्जे मास्तरनंच थापा मारल्या असतीन. ठेका चुकनारा मानूस चालते एखाद्यावक्ती, थापा मारनारा वरातीत नाई चालत. पेपरात आलं हाय तं पेपरातच खोडून आना. मंग मी घोडीवाल्याले समजावतो."

परतीच्या एसटीत मास्तर खिडकीबाहेर बघत बसला होता. मी मात्र रिसोड येईपर्यंत बोलत होतो.

आता खुलासा छापायचा! माझ्या उभ्या कारकिर्दीत माझ्या बातमीचा खुलासा कधी छापून आला नव्हता. नोटिसा आल्या, मोर्चे आले, एकदा तर एक माजी सरपंच चप्पल काढून आला, तरी मी खुलासा दिला नाही. आणि आता एका बासरीवाल्या पोराच्या मेलेल्या आईपायी द्यायचा? पण पंधरा घरं होती हो. मी तन्वीला फोन लावला.

"सर! तुमच्या प्रतिक्रिया किती गाजल्या!" ती किंचाळली. "तो आईचा प्रसंग! आम्ही पुढच्या शुक्रवारी पुन्हा चौकट घेतोय. आणखी चार पाठवा ना!"

"त्यात एक दुरुस्ती करायची आहे."

"करा ना सर. तुम्ही पाठवाल ते घेऊ."

बघा, संधी चालून आली! आणि मी ठरवलं, या वेळी टेबलावर बसून एक अक्षर लिहायचं नाही. खऱ्या खेळाडूंकडे जायचं. समोर बसून विचारायचं. माझी वही उघडी, पेन तयार. मीच मला ओळखेना!

मोबाइल दुरुस्तीवाल्या इम्रानच्या दुकानात पल्लवी सापडली. इम्रानही तोच खेळ खेळतो. मी म्हणालो, "तुमची खरीखुरी मतं सांगा," आणि स्टुलावर बसलो. कसला बसतो! युद्धच पेटलं.

"लिहा काका," पल्लवी म्हणाली. "ढोलवाल्यावर अन्याय हाय. तो सर्वांत आधी पयल्या गावातून संगं येते, सर्वांचं वझं उचलते, अन् त्याचा वार पाहा. राक्षसाले गुदगुल्या होतात नुसत्या! अन् ते तुतारीवाली पोरगी मागून येते, एक फुक मारते, चार राक्षस खतम. ज्यानं बनवलं त्यानं ढोल कधी उचलून पायला का?"

"ढोलवाला मार खायाले असते, मारायाले नाई," इम्रान म्हणाला. "तुले खेळता येत नाई तं गेमले नावं ठेवून राह्यली."

"मले खेळता येत नाई? तू तिसऱ्या गावात अडकेल हायेस दिवाळीपासून!"

"म्युझिक ऐकाले थांबलो बे मी तिथी! नदीवरचं ते गानं ऐकलं का तू? का नुसती बटनं दाबत गेली?"

"अन् शेवट! राक्षस मरते, त्यानं चोरेल गावाचा आवाज वापस येते, समदे नाचतात, अन् हिरो एक शब्द न बोलता गाडीत बसून चालला जाते. याले शेवट म्हन्तात का काका? तुमच्या पेपरात अशी बातमी चालंन का, मधातच सोडेल?"

"तोच तं शेवट हाय, वेडे! ज्याची मायच नाई तो बोलंन कोनाशी?"

मी तेही लिहून घेतलं. पल्लवी म्हणाली, "तरी ढोलवाल्यावर अन्यायच हाय."

आसेगावात पल्लवीची वहिनी आहे, तीही लेकराला निजवून हा खेळ खेळते. तिला फोन लावला. ती म्हणाली, "मले लढाई बिढाई काई आवडत नाई. मी नुसती गावात फिरतो अन् बायांसंगं बोलतो. एक चहावाली हाय त्याच्यात, रोज येगयेगळं बोलते. आमच्या इथी तं रोज तेच ते." एवढं बोलून तिने फोन ठेवला, लेकरू उठलं होतं.

काय सांगू तुम्हाला, मी लिहितच सुटलो! इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडी 'दिलासा' आणि 'चालना' घालत होतो, आणि लोक असे बोलतात? चौथी प्रतिक्रिया सलीम मास्तरची घेतली. दुकानात जाऊन, त्याच्या समोर बसून, शब्द न बदलता: 'मी हा खेळ खेळलोच नाही. मागच्या वेळी छापली ती प्रतिक्रिया माझी नव्हती. मी ठेका नाचणाऱ्याच्या पायावर धरतो. ज्याला शंका आहे त्याने माझ्या वरातीत येऊन नाचावं.'

टपरीच्या बाकावर बसून सगळं टाइप करून पाठवलं. अर्ध्या तासात तन्वीचा फोन.

"सर, राग नका मानू हं. पण या प्रतिक्रिया जरा… बनवलेल्या वाटतात."

"काय?"

"म्हणजे बघा, ढोलवाल्यावर अन्याय, चहावाली रोज वेगळं बोलते… खरे लोक असं बोलतात का? मागच्या वेळच्या किती सहज होत्या! आईच्या प्रसंगाने तर आमच्या संपादकांचेही डोळे भरून आले."

"अहो, ती आई मी टेबलावर बसून लिहिली होती!" माझ्या तोंडून निघून गेलं. टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले.

तन्वी खळखळून हसली. "सर, तुम्ही पण ना! बरं, थोडं एडिट करून घेते."

"एक शब्द बदलायचा नाही! काना-मात्रा हलवायची नाही! इथे पंधरा घरांचा प्रश्न आहे!"

"हो सर, नक्की सर," ती म्हणाली. डेस्कवरच्या माणसाने 'नक्की सर' म्हटलं की काय समजायचं, हे मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी पेपर उघडला. चौकट होती. पल्लवीचा फोटो: 'या खेळामुळे तरुणाईला दिलासा मिळाला आहे.' इम्रानचा फोटो: 'स्थानिक व्यापाराला चालना मिळेल.' पल्लवीच्या वहिनीच्या नावाखाली कोण्या भलत्याच बाईचा फोटो: 'घरचे बजेट सांभाळून खेळता येतो.' आणि चौथा? सलीम मास्तर नव्हताच. चौथ्या फोटोत मी होतो! मी! पेपर माझ्या हातातून पडायचाच बाकी राहिला. खाली छापलेलं:

'सलीम मास्तर म्हणतात ते अगदी खरे आहे. मीही हा खेळ शेवटपर्यंत खेळलो. अखेरीस नायकाला आई भेटते, तो प्रसंग पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आले. शासनाने याची दखल घ्यावी. – इंगोले, ज्येष्ठ पत्रकार, रिसोड.'

मी श्वास घेतो न घेतो तोच राठोड मामांचा फोन. आता हा माणूस काय बोलणार या धास्तीने मी उचललाच नाही. त्यांनी मास्तरला लावला. आणि दहा मिनिटांत मास्तर माझ्या दारात, हातात पेढ्यांचा पुडा, मागे त्याचे वाजंत्री.

"भाऊ! वरात पक्की! मामा म्हने, एक मानूस थापा मारू शकते, पन पेपरात दोन-दोन मानसं तेच म्हन्तात म्हन्जे असंनच. व्हिडिओत त्या पोरीचा मोबाइलच खराब असंन, असं घोडीवाल्याले समजावलं त्यानं. घोडीवाला पन मानला!"

"पन मी असं बोललोच नाही मास्तर!" मी ओरडलो. गल्लीतले लोक बाहेर आले, येऊ द्या! "मले न विचारता माया नावावर वाट्टेल ते छापलं! माया फोटो लावून! मी ते खेळ पायला नाही, ते माय मी पायली नाही, माया डोळ्यात पानी आलं नाही! मानसाले एक शब्द न विचारता त्याच्या तोंडात असं कोनी घालते का? याले पत्रकारिता म्हन्तात?"

मास्तरने पेढ्याचा पुडा ओट्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं.

"मले तरी कोनं इचारलं होतं भाऊ?"

आणि तो एकटाच हसला असता तर चाललं असतं. वाजंत्री हसले, गल्ली हसली, दाराआडून आमचं घरही हसलं. तेवढ्यात गर्दीतून पल्लवी पुढे आली. हातात फोन, मागे सगळं कॉलेज.

"काका," ती म्हणाली, "आता तुमी दाखवा."

काय दाखवलं आणि राक्षसाने मला कितव्या ठोक्याला आडवं केलं, ते विचारू नका. त्याचाही व्हिडिओ आहे, तुमच्या फोनवर आला असेलच.

पण मी सोडलेलं नाही. मी मुख्य कार्यालयाला जाब विचारला आहे. तन्वी म्हणते, तिने फक्त पल्लवी, इम्रान आणि वहिनीच्या प्रतिक्रिया एडिट केल्या, चौथ्या प्रतिक्रियेला हातच लावला नाही. पान लावणारा म्हणतो, मजकूर आला तसा लावला. संपादक म्हणतात, पेपरात आली आहे म्हणजे ती प्रतिक्रिया आमच्या रिसोडच्या वार्ताहरानेच पाठवली असणार.

रिसोडचा वार्ताहर मी आहे.